अकराव्या पावलाला

माझी आई आंध्रात राहते आणि तिचे पाय आमच्या तलावात चालतात.

हे वाक्य मी मागच्या वर्षी निबंधात लिहिलं, तर मराठीच्या मॅडमनी खाली लाल पेनानं शेरा मारला, 'कल्पना छान.' आता ही कल्पना नाही हे त्यांना कसं पटवायचं? म्हटलं, मॅडम, आमच्या पळसटोल्याला या, सकाळी सातला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभ्या राहा. चार लांब पायांचं, कमरेएवढं उंच राखाडी यंत्र पाण्यात उतरताना दिसेल. नागपूरच्या संशोधन केंद्रात त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे. गावात सगळे ढोकरी म्हणतात, कारण ते त्या नावाच्या बगळ्यासारखंच चालतं. एक पाय उचलायचा, जरा विचार करायचा, मग टेकवायचा. विचार कोणाचा ते जाऊ द्या, पण पाय माझ्या आईचे आहेत.

नीट सांगते. मला हल्ली नीट सांगता येतं. सातवीपर्यंत मी हजेरीसुद्धा इतकी पुटपुटत द्यायचे की सर दोनदा गैरहजेरी लावून मोकळे झाले होते. आता दहावीत आहे आणि वर्गात मला गप्प बसवायला माणूस लागतो.

आम्ही ढिवर. आमचे पुरुष डोंग्यातून जाळं टाकतात, तळ मात्र बायकांचा. तलावात बेशरमची झुडपं माजली, पाण्यातलं देवधान आणि चिला संपला, आणि त्या झाडोऱ्यात अंडी घालणारे मासेही गेले, तेव्हा बायकांनीच तळाशी पुन्हा रोपं लावायला घेतली. पायांनी. रोप अंगठ्याच्या बेचक्यात धरायचं, गाळात रोवायचं, टाचेनं दाबायचं. अवघड भाग म्हणजे कुठे रोवायचं. गाळ थंड आणि मलमासारखा लागला तर आत हवा नाही, मूळ कुजणार. बोटांत वाळूची बारीक खर लागली तर मूळ धरणार. हा फरक वीतभर अंतरावर बदलतो. उपग्रहाला वरची बेशरम दिसते, ध्वनिलहरींना खोली कळते, पण गाळाचा स्पर्श कुणालाच कळत नाही. तळाशी टाकलेली उपकरणं दोन दिवसांत लिंपून बंद पडली.

मग केंद्राकडून मोजे आले. कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ, आणि प्रत्येकात चार हजार सूक्ष्म कण. दाब किती, गारवा किती, घसरण किती, हे प्रत्येक कण सेकंदाला चाळीस वेळा टिपायचा. मी आठ वर्षांची असताना अख्खा हिवाळा आई ते मोजे घालून तलावात चालली. प्रत्येक तलावाचा गाळ वेगळा, म्हणून नऊ तलावांत नऊ बायका. कुठल्या स्पर्शाला पाय थबकला, कुठे वळला, कुठे रोप लावलं, हे सगळं साठलं आणि त्यावरून यंत्र शिकलं.

चार वर्षांनी ढोकरी आली. तिला सर्दी होत नाही, पाय सडत नाहीत. तलाव सुधारला, मरळ मासा परतला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पुढच्या हंगामात रोपं लावायला बायकांची गरज उरली नाही. कोणी त्यांना काढलं नाही, फक्त कोणी बोलावलं नाही. त्या नवाही जणी मिळून आंध्रात कोळंबी सोलायच्या कारखान्यात गेल्या. आता आई वर्षातून बारा दिवस येते.

*

नववीत असताना आमची शाळा ढोकरी बघायला गेली होती. म्हणजे आमच्याच तलावावर, तरी सगळ्यांनी डबे आणले होते. ढोकरीचं काम तन्मय सर बघतात. बुटात चिखल गेला की चेहरा आंबट करतात, पण माणूस बरा. त्यांनी समजावलं की ही अकरा पावलं चालली की थांबते, तोंड पाळीकडे वळवते, चार सेकंद तशीच राहते, मग पुढे जाते. ही पारंपरिक पद्धत आहे, ढवळलेला गाळ खाली बसावा म्हणून. ते त्यावर शोधनिबंध लिहीत होते. मुलींनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहिलं, आणि हसू येऊ नये म्हणून ओढणीचं टोक दातात धरलं.

कारण आई गाळासाठी थांबायची नाही. त्या हिवाळ्यात मी रोज आईबरोबर जायचे आणि पाळीवर बसायचे. एकदा कमळासाठी गुपचूप पाण्यात उतरले ती छातीपर्यंत गेले. त्यानंतर आईनं नेमच केला की पावलं मोजायची, अकरा झाली की थांबायचं आणि माझ्याकडे बघायचं. सकाळी मी मोहाच्या झाडाखाली असायचे. ऊन चढलं की तुडुमाच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, भिंतीच्या सावलीत सरकायचे. ढोकरीही तेच करते. दहापर्यंत मोहाकडे वळते, दहानंतर तुडुमाकडे. असं का, हे एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तीन वर्षं, शाळेआधी, मी मोहाखाली जाऊन बसत होते. ढोकरी चालायची. नऊ, दहा, अकरा. थांबायची आणि वळायची. तिला समोर डोळे नाहीत, एक चिखलानं माखलेला दिवा आहे, हे मला ठाऊक होतं. तरी ती वळली की मी वेणी सारखी करायचे.

*

यंदा विभागीय नवकल्पना मंडळाचं नवं धोरण आलं. आमच्या भागात कुठलं यंत्र आणायचं, कशावर संशोधन करायचं, निधी कुणाला द्यायचा, हे मंडळ ठरवतं. तिथे आजवर शहरातले प्राध्यापक आणि कंपन्यांचे लोक बसायचे. आमच्यातलं कुणी त्या खोलीत गेलं असेल तर चहा घेऊन. नवा नियम असा की यंत्रात ज्याचं ज्ञान आहे, त्याला मंडळावर मताचा अधिकार असलेली खुर्ची, आणि आपल्याच गावात 'तलाव-जाणकार' म्हणून कायमची नोकरी.

कुणाचं ज्ञान किती, हे शोधायची पद्धत मला फार आवडली. यंत्राच्या शिकवणीतून एका माणसाची नोंद काढून टाकायची आणि यंत्र किती बिघडतं ते बघायचं. बैलगाडीचा एकेक भाग काढून गाडी चालते का बघावं, तसं. आमच्या ढोकरीतून सहभागी क्रमांक सात काढला, तर शंभरातली एक्क्याऐंशी जगणारी रोपं एकोणीसवर आली. म्हणजे जवळजवळ सगळं यंत्रच क्रमांक सात होतं.

पत्र आलं. 'श्री. लोकेश नान्हे यांस.'

म्हणजे बाबांना. ज्यांनी आयुष्यात एक रोप पायानं लावलेलं नाही.

झालं होतं असं, की मोजे वाटताना अर्जावर मच्छीमार संस्थेचा सभासद क्रमांक लागत होता. संस्थेच्या वहीत सगळी नावं पुरुषांची. मग सचिव कारूभाऊंनी नवाही जणींपुढे नवऱ्यांची नावं लिहिली. चोरी केली असं कुणालाच वाटलं नाही. आईनंच सांगितलं होतं म्हणे, लिहून टाका, नाहीतर मोजे दुसऱ्या गावाला जातील.

बाबांनी पत्र वाचलं, आपल्या पायांची शेवटी कदर झाली असा विनोद केला, आणि मग अर्ध्या भाकरीवरून उठले. त्यांचं म्हणणं, खरं सांगितलं तर संस्था अडकेल आणि टोल्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी आईला तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन केला. ती म्हणाली, राहू दे, खुर्ची घरातच आली नं. मी म्हटलं, आई, खुर्चीबरोबर नोकरी आहे, इथे, पळसटोल्यात. तू घरी येशील. फोनमध्ये बराच वेळ फावड्यानं बर्फ ओढल्याचा आवाज येत राहिला.

मग ती म्हणाली, "ते पाय माये होते मनून कोन सांगन?"

"मी."

बोलायला बोलून गेले. मग आठवलं की पुरावा एकच आहे, अकराव्या पावलाचा थांबा. मी तन्मय सरांना आडून आडून विचारलं, समजा तो थांबा पद्धत नसलाच तर? ते सहज म्हणाले, मग त्याच दिवशी काढून टाकू, केवढा वेळ खातो तो.

दोन सकाळी मी मोहाखाली नुसती बसून काढल्या. सांगितलं तर आई येईल, कदाचित. पण तलावातली आई नक्की जाईल. नाही सांगितलं तर जे आहे ते राहील, अकरा पावलांनंतर चार सेकंद, रोज, फुकट. तुम्हाला हसू येईल, पण जिची आई घरी आहे तिनं हसावं. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून परस्पर जाऊन मंडळाच्या सुनावणीत बोलण्यासाठी नाव नोंदवलं.

*

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात होती. माझं नाव पुकारल्यावर कारूभाऊ मागून म्हणाले, शाळेनं पोरीले लईच बोलाले शिकवलं. लोक हसले. मी म्हटलं, हो भाऊ, अजून शिकतेय. तेव्हा जरा जास्त हसले.

मी तन्मय सरांना विनंती केली की क्रमांक सातच्या सगळ्या थांब्यांची दिशा आणि वेळ पडद्यावर दाखवा. ठिपक्यांचे दोन पुंजके आले. दहाआधीचे सगळे मोहाकडे, दहानंतरचे तुडुमाकडे. मग मी म्हटलं, आता जानेवारीची सहा ते नऊ तारीख दाखवा. त्या चार दिवसांत क्रमांक सात रोज चार-चार तास चालला होता आणि एकदाही थांबला नव्हता. एकही ठिपका नाही.

सरांनी चष्मा वर केला. त्यांना हे पूर्वी दिसलं होतं, पण यंत्राची चूक समजून त्यांनी ते चार दिवस गाळून टाकले होते.

मी सांगितलं, मोहाखाली मी बसायचे. तुडुमापाशी मी बसायचे. आई मला बघायला थांबायची. ते चार दिवस मी तिथे नव्हते, आत्याला मुलगी झाली म्हणून तिच्या गावी गेले होते.

अध्यक्षबाई मृदू बोलणाऱ्या होत्या, पण कच्च्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, वडीलही मुलीला बघायला थांबू शकतात. आत्याकडे तुला कोण घेऊन गेलं होतं?

मी वळून बाबांकडे पाहिलं. हे त्यांनीच सांगायचं होतं. बाबा तिसऱ्या रांगेत होते, दोन्ही बाजूंना संस्थेची माणसं. त्यांनी आधी कारूभाऊंकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मग उठले.

"मी नेलो होतो," बाबा म्हणाले. "चारही दिवस मी बहिणीकडंच होतो. त्या दिवसात तलावात जो चालला तो मी नाई."

"मग कोण?"

"माही बायको. वनिता. ते पाय सुरुवातीपासून तिचेच हायेत. मी तं डोंग्याखाली कधी उतरलोच नाई, बाई."

बाहेर पडताना तन्मय सर मला म्हणाले, माझा शोधनिबंध बुडाला. रागावले नव्हते. विचारात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोकरी उतरली आणि चालत राहिली. वीस, तीस, चाळीस. मी मोजायचं बंद केलं आणि शाळेत गेले, तर फाटकसुद्धा उघडलं नव्हतं.

*

आईच्या नावाचं पत्र आठवड्यात आलं. 'श्रीमती वनिता नान्हे यांस', तीस दिवसांत रुजू व्हावे. मी ते फोनवर तिला दोनदा वाचून दाखवलं, पूर्णविरामासकट. ती ऐकून खुश झाली, हे मला कळलं. म्हणून पुढचं ऐकायची माझी तयारीच नव्हती.

"मी एकटी नाई येत," ती म्हणाली.

"काऊन?"

"नवाही जनीच्या पायाले नवऱ्याचं नाव लागलं हाये. मी खुर्चीवर बसून त्यायले सांगू का, सोला तुमी कोळंबी?"

"अन् मी?"

तिच्या मागे कुणीतरी तेलुगूत ओरडलं, सुट्टी संपली असेल.

"तुले बोलता येते, बाई. त्यायच्या पोरी लहान हायेत."

मी फोन कापला. आईचा फोन मी आयुष्यात पहिल्यांदा कापला. मग रागानं अंगण झाडलं, ओसरी झाडली, शेजारच्यांचं अंगणही झाडलं. बाबा म्हणाले, ती अशीच हाये, सगळ्यांले वाढून झालं की मंग गंजात पाहते उरलं का. मी म्हटलं, उरत नाही बाबा, कधीच उरत नाही. ते म्हणाले, हो नं. आणि संध्याकाळी त्यांनी सायकलींत हवा भरून ठेवली.

आम्ही दोघं आठ तलाव फिरलो. तन्मय सर, आता त्यांना नवा शोधनिबंध हवाच होता, एकेका बाईची नोंद काढून देत. मी पाळीवर बसायचे आणि शोधायचे, या चालण्यात असं काय आहे जे कामाचं नाही? कारण कामाचं ते कुणाचंही असू शकतं. बिनकामाचं एकाच माणसाचं असतं. एका तलावात पाय एका जागेला कायम वळसा घालायचे. गाळ तिथेही चांगलाच होता, पण तिथे नवऱ्याचा डोंगा बांधलेला असे आणि त्या हिवाळ्यात त्यांचा अबोला होता. नवऱ्यानंच लाजत कबूल केलं. घोटीटोल्याच्या माधुरीमावशीच्या नोंदीत टाचेचा दाब दर आठवड्याला थोडा थोडा वाढत गेला होता. तीन महिन्यांत सात किलो. सरांना वाटलं होतं मोजे बिघडले. तिथल्या म्हाताऱ्या एवढ्या हसल्या की एकीला ठसका लागला. पोटात तेव्हा खुशी होती. ती आता सहा वर्षांची आहे, माझ्या सायकलच्या दांडीवर बसून तिनं सगळा तलाव दाखवला. आणि तुझी आई कशी दिसते विचारलं, तर म्हणाली, फोनएवढी.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुसरी सुनावणी झाली. खुशीच्या बापाचं वजन तीन महिन्यांत कसं वाढलं, असं अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा तो बिचारा हात जोडून खालीच बसला. नवाही नावं बदलली. खुर्ची एकच, पण नऊजणींनी पाळीपाळीनं बसायचं. नियमही नवा झाला, अर्जावर सभासद क्रमांक मागायचा नाही, काम कुणी केलं ते विचारायचं. हे कलम माझ्या वाक्यातलं आहे. एका धोरणात माझं एक वाक्य आहे, मॅडमना सांगायचं राहिलंय.

फक्त कारखान्यानं सांगितलं, सगळ्या एकदम सोडता येणार नाहीत. दर तीन महिन्यांनी दोघी. कुणी आधी यायचं ते त्यांनी आपसात ठरवावं.

यादी मंडळाकडे आली. अक्षर आईचं होतं, 'ळ' ची शेपटी तिच्यासारखी कुणी काढत नाही. सगळ्यात लहान लेकरं असलेल्या वर, मग त्यांच्याहून मोठी असलेल्या. नववं नाव तिचं. मी बोटांवर हिशेब केला. माझी परीक्षा होईल, निकाल लागेल, मी अकरावीला तालुक्याला जायला लागेन, आणि मग. त्या दिवशी फोनवर मी तिच्याशी कोळंबी, बर्फ, तिच्या खोलीतला पंखा यावर पाऊण तास बोलले आणि यादीचं नाव काढलं नाही. तिनंही नाही. ठेवताना एवढंच म्हणाली, माधुरी रविवारी पोचते, फाट्यावर जाशील.

रविवारी मी खुशीला घेऊन घोटीटोल्याच्या फाट्यावर उभी होते. तिचा बाप सामानासाठी हातगाडी आणायला गेला होता. खुशीनं माझ्या कुर्त्याचं टोक मुठीत धरलं होतं. एसटी थांबली. आधी एक म्हातारा उतरला, मग पोतं, मग माधुरीमावशी. चेहरा ओढलेला, बर्फाच्या पाण्यानं बोटं पांढरी पडलेली. तिनं धुळीतून इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर पहिल्यांदा माझ्यावर थांबली.

खरं सांगते, क्षणभर मलाच पळत जावंसं वाटलं. ज्या खोलीत माझी आई झोपते त्याच खोलीतून ती आली होती. काल रात्री दोघींनी एकाच पातेल्यातला भात खाल्ला असेल.

माझ्या मागून खुशीनं हळूच विचारलं, "हेच का वं?"

मी कुर्त्यावरची तिची मूठ सोडवली, एकेक बोट करून. तिला पुढे उभं केलं, केस कानामागे सारले.

"जा," मी म्हटलं. "तुझीच आहे."